लोकर साधी चालेल, सुया चांगल्या घ्या: ग्वाल्हेरच्या थंडीतल्या विणकाम-सामानाची पारख

ग्वाल्हेरात विणकामाची खरेदी बहुधा उलटी होते. लोकरीसाठी चार दुकानं पालथी घालायची, वीस रंग काढायला लावायचे, गुंडा गालाला लावून बघायचा; आणि सुया मात्र सासूबाईंच्या डब्यात असतील त्या. माझं मत स्पष्ट आहे: हात सैल सोडायचाच असेल तर आधी सुयांवर सोडा. चांगल्या सुईवर साधी ॲक्रिलिकसुद्धा एकसारखी, देखणी विणली जाते. सुईच खडबडीत असली तर महागातली मेरिनो लोकरही ओळीओळीला अडते. ही पारख घरी रजईत बसून, शेजारी किंवा मांडीवर मांजर असताना विणणाऱ्यांसाठी आहे. मशीनवर विणणाऱ्यांचा हिशोब वेगळा.

आधी सुया. आपल्याकडे अजून सरळ, एका टोकाला गोंडा असलेल्या ॲल्युमिनियमच्या सुयाच जास्त चालतात. पोनी ब्रँडच्या सुया निलगिरीत केट्टीला बनतात आणि त्या बऱ्याच घरांत दोन पिढ्या टिकल्या आहेत, तेव्हा टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. अडचण वापराची आहे. 35 सेंटिमीटरच्या सुईवर स्वेटरची पाठ आली की सगळं वजन मनगटावर लोंबकळतं. रजईत कोपर हलवायला जागा नसते. गोंडा खुर्चीच्या हाताला नाहीतर शेजारच्याच्या बरगडीला लागतो, आणि हलणारा गोंडा दिसला की मांजर पंजा मारणारच. जानेवारीत किमान तापमान पाच-सहा अंशांवर येतं तेव्हा धातूची सुई पहिली दहा मिनिटं बर्फासारखी लागते. संधिवात असेल तर तेवढ्यानं विणायची इच्छाच जाते. या सुया टाकून देऊ नका. मफलर, चौकोनी तुकडे, नवशिक्यांची पहिली पट्टी यांना त्या उत्तम. ॲल्युमिनियमचा वरचा थर घासून गेला असेल तर पांढऱ्या किंवा फिक्या लोकरीवर करडे डाग उतरतात, एवढं बघा: सुई पांढऱ्या रुमालावर जोरात घासा, रेघ उमटली तर ती सुई गडद रंगांसाठी ठेवा.

त्याऐवजी गोल सुई घ्या, म्हणजे दोन छोटी टोकं आणि मधे लवचिक केबल. गोल सुईवर फक्त टोपी आणि मोजेच विणतात, हा गैरसमज फार पसरला आहे. सपाट पाठ, पुढचे दोन भाग, शाल, सगळं तिच्यावर होतं. ओळ संपली की काम फिरवायचं आणि परत यायचं, सरळ सुईसारखंच. सगळं वजन केबलवरून मांडीत उतरतं, हातात राहतात फक्त टोकांजवळचे वीस-पंचवीस टाके. काम बाजूला ठेवताना टाके ओढून केबलवर घेतले की सुई निसटून टाके सुटायची भीतीही बरीच कमी होते.

टोकं बदलता येणारा संच सगळ्यात किफायतशीर. नोएडात बनणाऱ्या निटप्रोचे असे संच जगभर जातात आणि आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. बाड्यावर, म्हणजे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या बाजारात, मिळतीलच असं धरून चालू नका. मोठ्या संचात साधारण 3.5 पासून 8 मिलिमीटरपर्यंत टोकांच्या आठ जोड्या असतात. घरगुती विणकामाला तेवढे लागत नाहीत. 3.5, 4 आणि 5 मिलिमीटर, 80 सेंटिमीटरच्या दोन केबल आणि 100 सेंटिमीटरची एक: एवढ्यावर स्वेटर, टोपी, शाल, कुत्र्याचा स्वेटर सगळं होतं. मोज्यांसाठी 2.5 मिलिमीटरची अखंड गोल सुई वेगळी घ्या. इतकं बारीक टोक स्क्रूच्या जोडासह घेण्यात अर्थ नाही, जोडच आधी ढिला पडतो.

या संचाबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर ऐकू येते ती 'सुई मधेच सुटते, टाके सांडतात' अशी. दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: किल्ली वापरलेली नसते. केबलच्या धातूच्या टोकाला एक बारीकसं आरपार भोक असतं आणि संचासोबत पेपर-क्लिपसारखी तार मिळते, ती ही किल्ली. टोक हातानं घट्ट होईपर्यंत फिरवायचं, मग किल्ली भोकात घालून केबल धरून ठेवायची आणि टोक आणखी पाव वळसा फिरवायचं. लाकडी भाग धरायला रबराचा तुकडा घ्या, बरणीचं झाकण उघडायला वापरतात तसला. पाव वळशापेक्षा जास्त पिळू नका. आटे खराब झाले की तो जोड गेलाच. किल्ली न लावता विणलं की प्रत्येक ओळीला टोक केसभर ढिलं होत जातं, लाकूड आणि धातूच्या मधे फट पडते आणि लोकरीचा एखादाच तंतू त्या फटीत अडकतो. टाका जोर लावून सरकवला की तो तंतू तुटतो आणि स्वेटरवर एक ओढलेली केसाळ रेघ दिसते. ती लोकरीची खोड समजून दुकानदाराशी भांडण्यात हशील नाही. दर दहा-बारा ओळींनी जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर पुन्हा किल्ली.

केबल नवी असताना घडीच्या आकारात वळलेली असते आणि सारखी हाताला पीळ देते. ती एक-दोन मिनिटं कढत पाण्यात बुडवा, सरळ ताणून धरा आणि गार होऊ द्या. हिवाळ्यात थंडीनं प्लास्टिक ताठ होतं, त्यामुळे हे मधूनमधून करावं लागतं.

लांबीचा नियम साधा आहे. गोल विणताना केबलसकट सुईची लांबी कामाच्या घेरापेक्षा कमी हवी, नाहीतर टाके ताणले जातात. 100 सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला 80 ची सुई. टोपीला 40 ची, पण 40 सेंटिमीटरसाठी टोकंही आखूड लागतात. नेहमीची लांब टोकं सर्वांत छोट्या केबलला लावली तर ती वाकतच नाहीत आणि हात अवघडतो. हे न बघता 40 ची केबल मागवून पस्तावणारे पुष्कळ. त्यापेक्षा 100 ची केबल घेऊन, मधून तिचा फासा बाहेर काढून मॅजिक लूपनं टोपी, बाह्या, मोजे सगळं विणता येतं.

टोकं कशाची? थरांचं बर्च लाकूड हाताला उबदार लागतं, हलकं असतं आणि टाके सांडत नाहीत. माझी शिफारस तीच. पण 3 मिलिमीटरच्या खाली लाकूड नाजूक असतं. खुर्चीवर राहिलं आणि कोणी बसलं की संपलं. मांजरीला किंवा कुत्र्याच्या पिल्लाला लाकडी टोक चावायला फार आवडतं आणि दाताचा एक खड्डा पडला की लोकर तिथे अडते. 400 नंबरच्या पॉलिश कागदानं घासून, मेणबत्तीचं मेण चोळून ते काही दिवस चालवता येतं. पितळेवर निकेलचा मुलामा दिलेली टोकं वेगानं चालतात आणि चिकट ॲक्रिलिकला तीच बरी, पण थंडीत गार लागतात, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी घेऊच नयेत. प्लास्टिकच्या नळीची, बांबूच्या टोकांची स्वस्त गोल सुई ऑनलाइन अठरा-अठरा आकारांच्या गठ्ठ्यात मिळते. मोहात पडू नका. नळी आणि बांबूच्या जोडावर पायरी असते, नळी कडक असते आणि बांबूला ॲक्रिलिक धरून बसते. अठरापैकी दोन-तीनच आकार वापरले जातात, ते वेगळे काढले तर गठ्ठा स्वस्तही राहत नाही.

आता नंबरांचा घोळ, कारण यात आख्खे स्वेटर वाया जातात. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: 12 नंबर म्हणजे 2.75 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 8 म्हणजे 4. अमेरिकन नंबर उलट चालतात. तिकडची 8 म्हणजे 5 मिलिमीटर आणि 10 म्हणजे 6. यूट्यूबवरच्या अमेरिकन बाईंनी 8 नंबर सांगितला आणि आपण ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून 8 नंबर आणला की पूर्ण एक मिलिमीटरचा फरक पडतो. मोठ्या माणसाचा स्वेटर कॉलेजातल्या मुलीला होतो. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. जुन्या सुयांवरचा आकडा पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी घ्या. विणकाम-सामानात इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

सुया झाल्या, आता लोकर. बाजारात हिंदीत 'ऊन' म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक ॲक्रिलिक असतं, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. वर्धमान, ओसवाल, गंगा हे सगळे लुधियानाचे. रंगांची विविधता भरपूर, पुन्हा मिळण्याची खात्री बऱ्यापैकी. ॲक्रिलिक मशीनमधे धुता येते, आटत नाही, कसर लागत नाही, अंगाला टोचत नाही. रोज शाळेत जाणाऱ्या मुलाचा स्वेटर, बाळाचे कपडे, सोफ्यावरची पांघरुणं, पाळीव प्राण्यांचं सगळं काही: इथे ॲक्रिलिकच घ्या. ऊब खऱ्या लोकरीपेक्षा कमी, हे खरं. आतला घाम ती शोषून घेत नाही, म्हणून चालून आल्यावर अंगाला ओलसर लागते. कोरड्या दुपारी स्थिर वीज धरते, आणि मग मांजरीचे केस तिच्याकडे धावतच येतात.

दुकानात बघायच्या गोष्टी तीन. पहिली पीळ. धागा दोन बोटांत धरून उलटा फिरवा; लगेच मोकळा होऊन पिंजल्यासारखा झाला तर त्याचे गोळे लवकर येणार. हाताला सगळ्यात मऊ लागणारी लोकर बहुधा सगळ्यात सैल पिळाची असते, म्हणजे गालाला लावून केलेली निवडच पुढे गोळे आणते. दोन-तीन धागे एकत्र धरून तळहातावर तीसेक वेळा घासा, काय होतं ते तिथेच दिसतं. दुसरी जाडी. प्लायच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. प्लाय म्हणजे किती धागे एकत्र पिळले ते, त्यावरून जाडी कळत नाही. 100 ग्रॅममधे किती मीटर ते वाचा: 400 च्या आसपास असेल तर बारीक, मोज्यांची; 200 ते 240 म्हणजे मध्यम, 4 मिलिमीटर सुईची; 100 ते 130 म्हणजे जाडजूड. लेबलवर मीटर नसतील तर पट्टीवर धागा न ताणता शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. बाराच्या आसपास आले तर मध्यम, सोळा आले तर बारीक.

तिसरी लॉट. रंगाचा नंबर एकच असला तरी रंगवण्याचा घाणा, म्हणजे लॉट, वेगळा असू शकतो आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन लॉट अगदी सारखे दिसतात. 'भाभीजी, बिल्कुल सेम है' यावर न जाता प्रत्येक गुंड्याच्या लेबलवरचा लॉट नंबर वाचा. वेगवेगळे घ्यावेच लागले तर दोन्ही गुंड्यांतून दोन-दोन ओळी आलटूनपालटून विणा, किंवा वेगळा लॉट फक्त बॉर्डर आणि गळ्याला वापरा. वीण बदलते तिथे रंगातला फरक डोळ्याला जाणवत नाही.

प्रमाण असं धरा. मध्यम जाडीच्या लोकरीत 36-38 छातीचा बाईचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर 550 ते 600 ग्रॅम, 42 छातीचा पुरुषाचा 700 ते 750, बिनबाह्यांचा 350, वर्षाच्या बाळाचा 150, टोपी 70 ते 80, मफलर 200. वेण्यांची नक्षी असेल तर पाचवा हिस्सा जास्त. एक गुंडा नेहमी वर घ्या आणि न उघडलेला परत घेणार का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. बाड्याभोवतालच्या जुन्या दुकानांत बिल असेल तर परत घेतात. हंगाम संपता संपता, म्हणजे होळीच्या सुमाराला, कोणी घेत नाही.

लडी घेतली तर गुंडा स्वतः करावा लागतो आणि तिथे एक चूक सर्रास होते. गुंडा घट्ट गुंडाळला की लोकर ताणलेल्या अवस्थेत राहते, तशीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात मूळ लांबीवर येते. स्वेटर आटला म्हणून लोकरीला दोष दिला जातो. गुंडाळताना दोन बोटं आत ठेवा आणि मधूनमधून काढून जागा बदला. गुंडा दाबल्यावर लिबलिबीत लागला पाहिजे.

नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, पण हिशोब बघा. 92 सेंटिमीटर घेरासाठी, 10 सेंटिमीटरमधे 22 टाके धरून 202 टाके घातले. हात थोडा सैल निघाला आणि 10 सेंटिमीटरमधे 20 च टाके बसले तर तोच घेर 101 सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांच्या फरकात नऊ सेंटिमीटर. तुकडा किमान 15 सेंटिमीटरचा चौकोन हवा, धुऊन वाळवून मग मधला भाग मोजायचा. काठाचे टाके मोजू नका, ते नेहमी खोटं बोलतात. बॉर्डरला अंगापेक्षा दोन आकार बारीक सुई, म्हणजे अंग 4 मिलिमीटरवर असेल तर बॉर्डर 3.25 वर. गळ्याचे टाके बंद करताना मात्र जाड सुई घ्या. लहान मुलांच्या स्वेटरची सगळ्यात मोठी तक्रार गळा डोक्यातून जात नाही ही, आणि तिचं कारण बहुतेक वेळा घट्ट बंद केलेली शेवटची ओळ हेच असतं.

ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका. तंतू वितळून चपटे होतात, वीण लुळी पडते आणि ती परत सुधारत नाही. आकार द्यायचाच असेल तर कपड्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वरून वाफ द्या आणि इस्त्री टेकवू नका.

खरी लोकर कधी? जिथे ऊब महत्त्वाची आणि धुणं क्वचित. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या दगडी फरश्या पहाटे पायाला चटका देतात इतक्या गार असतात; तिथे लोकरीच्या मोज्यांना पर्याय नाही. मात्र शंभर टक्के मेरिनोचे मोजे फरशीवर महिन्याभरात टाचेला विरतात. 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन असं मिश्रण घ्या, 100 ग्रॅममधे मोठ्या माणसाची जोडी होते. 2.5 मिलिमीटरवर 64 टाके बाईच्या पायाला बरोबर बसतात. घेर पायापेक्षा दहा टक्के कमी ठेवा, नाहीतर मोजा घोट्याशी गोळा होतो. फरशीवर घसरायला होतं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना देताना तळव्याला रबराचे ठिपके लावा.

लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा शोषते आणि तरी ओली लागत नाही. धुक्याच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. पण तिच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा नमदा होतो. कोमट पाणी, थोडा शॅम्पू, पंधरा मिनिटं भिजवून न पिळता टॉवेलमधे दाबायचं, आडवं वाळवायचं. सुपरवॉश लेबलची (खवले अडकू नयेत अशी प्रक्रिया केलेली) लोकर मशीनला चालते, पण ओली झाली की लांबते. तिचा नमुना धुतल्याशिवाय मोजूच नका. खरीच लोकर आहे ना याची शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक काळा धूर करते आणि कडक मणी राहतो. मिश्रणात दोन्ही थोडं थोडं दिसतं.

वेलवेट म्हणून मिळणारी शेनील, पिसांची आणि फरची लोकर, जरीची लोकर: ही तिन्ही दुकानात हातातून सोडवत नाहीत आणि घरी आल्यावर रडवतात. शेनीलमधे टाके दिसत नाहीत, उसवली तर मखमल गळते, आणि सैल विणली तर आतून आपोआप फासे बाहेर येतात. घ्यायचीच असेल तर उशीच्या अभ्र्यासाठी घ्या, घट्ट विणा, आणि घरात मांजर नसेल तरच.

मांजरीचा विषय थोडा सविस्तर, कारण गुंड्याशी खेळणाऱ्या मांजरीचं ते गोड चित्र धोकादायक आहे. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. धाग्याचं टोक एकदा जिभेवर आलं की तिला ते थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. मग एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, उरलेला धागा आतड्यात पुढे सरकतो आणि आतडं नाडी ओढलेल्या लेंग्यासारखं गोळा होतं. धागा ताणला गेला तर आतडं कापलं जातं. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तडक पशुवैद्याकडे न्यायचं. उलट्या, खाणं बंद, तोंडाशी सारखा पंजा नेणं ही लक्षणं आहेत. शिवायची सुई दोऱ्यासकट गिळल्याच्या घटनाही होतात, म्हणून शिवणीच्या सुया चुंबकावर ठेवा.

यासाठी सामान काय घ्यावं? विणकामाच्या पोर्सिलेनच्या वाट्या ऑनलाइन फार सुंदर दिसतात, पण वर उघड्या असतात आणि मांजर एका फटक्यात त्या फरशीवर पाडते. त्यापेक्षा झाकणाला भोक पाडलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. भोकाची कड मेणबत्तीवर गरम केलेल्या चमच्यानं गुळगुळीत करा, नाहीतर लोकर कापली जाईल. कापलेली टोकं टाकायला झाकणाची बरणी, आणि उठताना सगळं कपाटात. लोकर चघळायची खोडच असलेल्या मांजरी असतात, त्यांच्या घरात हे पाळावंच लागतं. ज्यांना ती खोड नाही त्यांना खेळायला नमद्याचा गोळा करून द्या: उरलेली, सुपरवॉश नसलेली वीसेक ग्रॅम लोकर घट्ट गुंडाळा, टोक आत शिवा, जुन्या मोज्यात बांधून कढत पाण्याच्या धुण्यात दोनदा टाका. एकही सुटं टोक राहत नाही.

नखानं ओढलेला फासा कापू नका, गाठही मारू नका. बोथट सुईनं त्याच ओळीतल्या शेजारच्या टाक्यांत थोडी थोडी लोकर वाटत न्या, दोन्ही बाजूंना आठ-दहा टाक्यांपर्यंत. बहुतेक वेळा मागमूस राहत नाही.

कुत्र्याचा स्वेटर विणायला मापं तीन लागतात: मान, पुढच्या पायांमागचा छातीचा घेर, मानेच्या बुडापासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंतची पाठ. छातीला चार सेंटिमीटर सैल. पोटाखालचा भाग पाठीपेक्षा बराच आखूड, नर असेल तर आणखी, नाहीतर पहिल्याच फेरीत भिजतो. बटणं नकोत, तो ती चावून गिळतो. एक सुलट एक उलट वीण ताणते, म्हणून अंगभर तीच ठेवा. घरात एकटा असताना स्वेटर काढून ठेवा, बाहीत पाय अडकून घाबरतो.

साठवणीला डांबराच्या गोळ्या नकोत. नॅप्थलीन मांजर-कुत्र्यांना विषारी आहे आणि त्याचा वास लोकरीतून महिनोन्‌महिने जात नाही. कसर फक्त खऱ्या लोकरीला लागते, आणि मळलेल्या लोकरीला आधी. धुऊन, पूर्ण कोरडी करून हवाबंद डब्यात ठेवा. शंका असलेला गुंडा झिप पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरमधे ठेवला की अळ्या मरतात.

विणताना खाण्याबद्दल एवढंच की गजक आणि विणकाम जमत नाही. मुरैन्याच्या गजकाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते योग्यच आहे, पण तिचा भुगा, तीळ आणि गूळ सैल विणीत असे बसतात की धुतल्याशिवाय निघत नाहीत, आणि तोवर मुंग्या येतात. गजक ओळ संपल्यावर. चहाचा कप उजव्या हाताला, लोकर डाव्या. केबल फिरवताना कप उडतो तो याच्या उलट मांडणीमुळे. गडद निळ्या-काळ्या लोकरीसाठी वरच्या दिव्यानं भागत नाही, मागून खांद्यावरून येणारा पांढरा एलईडी हवा.

खरेदी कधी करायची? दसरा-दिवाळीच्या मधे. तेव्हा नवा माल आणि एका लॉटचे गुंडे पुरेसे मिळतात. 1905 पासून भरणारा ग्वाल्हेरचा मेळा गरम कपड्यांसाठी उत्तम, पण तो रंगात येतो तोवर अर्धी थंडी गेलेली असते. तिथून लोकर आणून स्वेटर विणायला घेतला तर तो अंगात येईल पुढच्या वर्षी. मेळ्यात उरलेल्या गुंड्यांचे ढीग स्वस्तात मिळतात, ते पट्ट्यांच्या पांघरुणासाठी घ्या, एका रंगाच्या स्वेटरसाठी नको. बाड्यावर गाडी लावायची जागा शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा ई-रिक्षानं जा, आणि दुकानं उघडता उघडता जा. संध्याकाळच्या गर्दीत कोणीही दुकानदार तुम्हाला दहा गुंड्यांचे लॉट नंबर शांतपणे वाचू देत नाही.

बजेट मर्यादित असेल तर क्रम असा: आधी 4 मिलिमीटरची एक चांगली लाकडी गोल सुई, 80 सेंटिमीटरची, मग मापपट्टी, मग 600 ग्रॅम घट्ट पिळाची मध्यम ॲक्रिलिक, फिक्या रंगात, कारण फिक्यात चूक लवकर दिसते. पूर्ण संच पहिला स्वेटर अंगावर चढल्यानंतर मागवा. मागवलेला संच आला की परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक टोक प्रत्येक केबलवर चढवून, किल्ली लावून, बारीक लोकरीचे वीस टाके जोडावरून पुढे-मागे सरकवून बघा. एखादा जोड अडला तर तेवढाच बदलून मागा, आख्खा संच परत पाठवायची गरज पडत नाही.